दाराचे लाकूड : घाई नको, पारख करा



दर वेळी मी बेणे, लागण, खोडवा यावर लिहितो. या वेळी विषय घराच्या पुढल्या दाराचा आहे. ऊसबिल जमा झाले की गटागटात घरांची कामे निघतात. परवा शिवारफेरीत एका सभासदांनी बांधावरची बाभूळ दाखवली. म्हणाले, "साहेब, ही पाडतो, आठवड्यात कापून आणतो आणि वास्तुशांतीला पॅनेलचं दार उभं करतो." मी म्हटलं, "आबा, हीच चूक मी करून बसलोय. तुम्ही करू नका."

माझ्या घराला मी ओल्या लाकडाचे दार बसवले होते. चैत्रात दिसायला झकास. वैशाखात पॅनेल उभे तडकले, फळी पिळली. आषाढात दार फुगून चौकटीत असे घट्ट बसले की, एका रात्री वडिलांना छातीत कळ आली तेव्हा ते उघडेना. शेवटी परसदाराने चिखलातून त्यांना बाहेर काढले. वडील बरे झाले, पण ती रात्र मी विसरलो नाही.

याचे कारण साधे आहे. लाकूड पाणी सोडताना आकसते आणि पावसाळी हवेत पाणी घेऊन फुगते. हा फरक लांबीत नगण्य असतो, रुंदीत जास्त. ऊस पक्व झाला का, हे आपण ब्रिक्स काढून बघतो. रंगावर जात नाही. लाकडाचेही तसेच. मापात कापलेल्या फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, मध्ये पट्ट्या घालून रचा. टोकांना डांबर किंवा रंग लावा, म्हणजे टोके फाटत नाहीत. एका फळीवर खूण करून दर पंधरा दिवसांनी ती काट्यावर तोला. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. एक-दीड इंची फळीला उन्हाळा धरून चार-सहा महिने द्या. जड बाभळीला त्याहून जास्त.

आता कोणते लाकूड कुठे घ्यावे ते पाहू.

साग : दाराला सर्वांत चांगला. कमी पिळतो, गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. पण कडेचा पांढरट भाग किडतो, तो घेऊ नका. लहान वयाच्या झाडात हा भाग जास्त असतो. वखारीत 'सागवान' एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. फळीचे टोक ताजे कापून बघा.

बाभूळ : टणक आणि जड. चौकट व उंबरठ्याला उत्तम. कापण्याआधी ओंडका काही आठवडे पाण्यात मुरवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे.

कडुलिंब : कीड कमी लागते, पण रेषा उलटसुलट असतात, रंधा नीट चालत नाही. चांगला वाळवला तर चालतो.

आंबा : स्वस्त, पण कीड लागते. पुढल्या दाराला नको.

निलगिरी : फार पिळते, फाटते. दाराला नकोच.

झाड स्वतःच्या रानातले असले तरी साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली येतात. आधी परवानगी काढा, मगच कुऱ्हाड लावा.

हिशेब असा : ७ फूट बाय साडेतीन फूट एकफळी दार, पट्ट्या दीड इंची, पॅनेल एक इंची धरले तर सुमारे २.७ घनफूट लाकूड बसते. कापणी-रंध्याची घट धरून साडेतीन घनफूट घ्या. ४ बाय ३ इंची चौकटीला उंबरठ्यासह साधारण २ घनफूट वेगळे.

पैसे कमी असतील तर चौकट बाभळीची, पट्ट्या सागाच्या आणि पॅनेल पाण्यात टिकणाऱ्या, आय.एस. ७१० छापाच्या प्लायवूडचे करा. प्लायवूड फारसे फुगत-आकसत नाही.

मिस्त्रींना दोन गोष्टी बजावून सांगा. पॅनेल खाचेत सैल ठेवा. तिथे सरस नको, खिळा नको. माझे पॅनेल खिळ्यांनी आवळले होते, म्हणूनच तडकले. दुसरे, पट्ट्यांचे सांधे कुसू घालून, लाकडी मेख ठोकून पक्के करा. बिजागऱ्यांना पितळी स्क्रू वापरा. लोखंड गंजते आणि लाकडावर काळे डाग पडतात.

शेवटी तेल किंवा रंग दोन्ही बाजूंना लावाच. फळीच्या खालच्या-वरच्या कडाही सोडू नका. बहुतेक जण खालची कड विसरतात, आणि पाणी तिथूनच शिरते.

आबांनी वास्तुशांत ठरल्या दिवशीच करायची म्हटले आहे. दारापुरता जुना पत्र्याचा दरवाजा लावणार आहेत. बाभूळ पुढच्या उन्हाळ्यानंतर कापलेल्या फळ्यांतून दारावर येईल. पाहुणे काय म्हणतील, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, "पाहुणे एक दिवसाचे, आबा. दार नातवंडांना उघडायचं आहे."

आपला,
ऊस विकास अधिकारी