‘एकमेव विक्रेता’ करार आणि मनाई हुकूम

समजा, तासगावच्या एका व्यापाऱ्याने ठिबक सिंचनाच्या नळ्या बनविणाऱ्या कारखान्याशी पाच वर्षांचा करार केला. संपूर्ण तालुक्यात त्या नळ्या विकण्याचा हक्क एकट्या त्याचा. त्याने कर्ज काढून गोदाम बांधले, गावोगावी उधारी दिली. दुसऱ्याच वर्षी, द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, कारखान्याने शेजारच्या दुकानदाराला तोच माल देण्यास प्रारंभ केला. आता या व्यापाऱ्याने काय करावे?

नुकसानभरपाईचा दावा लावता येईल. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत कितीएक हंगाम उलटतील आणि तुटलेली गिऱ्हाइके परत येणार नाहीत. म्हणून त्याला हवा असतो तो मनाई हुकूम. कायद्याच्या अनुवादात यालाच ‘व्यादेश’ म्हणतात. दाव्याच्या अखेरीस मिळतो तो निरंतर मनाई हुकूम आणि दावा चालू असताना मिळतो तो तात्पुरता. व्यवहारात खरी लढाई बहुधा या दुसऱ्यासाठीच होते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३९ नुसार असा अर्ज करता येतो. न्यायालय तीन गोष्टी तपासते : अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी सबळ आहे काय, हुकूम दिल्याने आणि न दिल्याने कोणाची गैरसोय अधिक होईल, आणि होणारे नुकसान पैशाने भरून येण्याजोगे आहे काय. तिसऱ्या कसोटीवर अनेक अर्ज फसतात. ‘माझा नफा बुडाला’ एवढेच सांगणाऱ्याला ‘मग नफ्याचा हिशेब मागा’ असे उत्तर मिळू शकते. बाजारातील पत आणि वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके यांचे मोल आकड्यांत का मांडता येत नाही, हे शपथपत्रात पटवून द्यावे लागते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक बारकावा विशेष उद्बोधक वाटेल. ‘कारखाना या व्यापाऱ्यास माल देईल’ हे होकारार्थी वचन आहे. ‘अन्य कोणास देणार नाही’ हे नकारार्थी. पहिले वचन सक्तीने पाळावयास लावणे न्यायालयाला शक्य नसले, तरी दुसरे मोडण्यास मनाई करता येते, असे स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ चे कलम ४२ सांगते. नकार शब्दांत नसून केवळ अभिप्रेत असला तरी चालतो. पण अभिप्रेत अर्थावर वाद घालण्यापेक्षा एक स्पष्ट नकारार्थी वाक्य लिहून घेणे केव्हाही स्वस्त पडते. त्याच कलमाची एक अट मात्र कडक आहे : अर्जदाराने स्वतःवर बंधनकारक असलेला भाग पाळलेला असावा. आपल्या व्यापाऱ्याने मालाचे पैसे थकविले असतील, तर त्याची बाजू तेथेच लंगडी पडते.

अशी अट म्हणजे व्यापारावर बंधन, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार ती रद्दबातल, असा बचाव हमखास घेतला जातो. गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोका कोला कंपनी या १९९५ च्या खटल्यात तो तपासला गेला. करार चालू असेतो दुसऱ्या कोणाची शीतपेये बनवायची वा विकायची नाहीत, असे बॉटलिंग कंपनीने मान्य केले होते. पुढे तिची मालकी प्रतिस्पर्धी पेप्सीच्या गोटात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. कराराच्या मुदतीपुरते असलेले असे बंधन सामान्यतः व्यापाराला मारक नसते, उलट त्याला पोषक ठरते, असा त्यामागचा विचार होता. येथे अट मोडणारा पक्ष माल बनविणारा होता, हेही ध्यानात घ्यावे.

उशीर हा अर्जदाराचा मोठा शत्रू. शेजाऱ्याच्या दुकानात माल दिसूनही चार महिने गप्प बसलेल्या माणसाला ‘आता घाई कसली?’ असा प्रश्न पडणारच. त्याने पहिल्याच आठवड्यात लेखी हरकत पाठवावी आणि शेजारच्या विक्रीच्या पावत्या मिळतील तेवढ्या जमवाव्यात. करारात लवादाचे कलम असेल, तर लवाद कायदा, १९९६ च्या कलम ९ खाली अंतरिम संरक्षण मागता येते. हुकूम मिळाल्यावरही कारखान्याने तो मोडला, तर आदेश ३९ मधील नियम २-अ नुसार मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.