उन्हाळ्यातील तलावाची मासळी

भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलावांचे पाणी वैशाखात आटू लागते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्री मासे व पाणवनस्पती तो वापरीत राहतात. म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागल्यास तो धोक्याचा इशारा समजावा. त्या क्षणी जाळे ओढू नये. गाळ ढवळून संकट वाढते. प्रथम ताजे पाणी सोडावे. दुर्लक्ष झाल्यास वर्षाची कमाई एका रात्रीत बुडते. याकरिता पाणी फार उतरण्यापूर्वीच मोठे कटला, रोहू व मृगळ टप्प्याटप्प्याने काढावेत. उरलेल्या लहान माशांना प्राणवायू पुरतो. धरलेली मासळी सावलीत बर्फ घालून ठेवावी व ऊन चढण्यापूर्वी बाजारात पोचवावी.