पालिनंतर कोणती भाषा?

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विहारांमधून पालिचे प्राथमिक पाठ पूर्ण केलेले उपासक-उपासिका आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : आता पुढे कोणती परदेशी भाषा शिकावी? त्याला लागलीच एक पुस्ती जोडलेली असते, "नोकरीसाठी नव्हे, केवळ आवड म्हणून." ही पुस्ती जोडताना स्वर ओशाळवाणा होतो. जणू भातलावणी, मजुरी किंवा कारखान्याची पाळी यांतून उरलेला तास अशा कामी लावणे हा अपराधच आहे.

आम्हांस तसे वाटत नाही. ज्या समाजाला भाषेच्या उंबरठ्यावरच अडविण्यात आले, त्यातील माणसाने निव्वळ आनंदासाठी एखादी भाषा निवडावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केले. त्यांनी सिद्ध केलेला पालि शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केला. त्याच्या एका भागात पालि शब्दापुढे इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी असे चार अर्थ दिलेले आहेत. बाबासाहेब हे काम कोणत्या परीक्षेसाठी करीत होते?

शिवाय परभाषकांशी संबंध येणे आपल्या मुलखाला नवे नाही. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून गेले की पुढे जुन्नर. सातवाहनकाळी सोपारा-कल्याणचा माल याच वाटेने जाई. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी आणि चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दान दिल्याचे लेख आहेत. ते ग्रीक भाषेत नाहीत. ब्राह्मी लिपीत व येथल्या प्राकृतात आहेत. परके लोक आपल्या भाषेत लिहून गेले. आता आपण कोणाची भाषा उचलावी?

चिनी व तिबेटी भाषांचे महत्त्व वादातीत आहे. पु. वि. बापट यांनी १९३७ साली 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तो विमुत्तिमग्गाच्या चिनी अनुवादामुळेच शक्य झाला. परंतु ही वर्षानुवर्षांची तपश्चर्या आहे. संध्याकाळच्या फावल्या तासाची ती करमणूक नव्हे. जपानीत एकाच वाक्यात तीन प्रकारची अक्षरे येतात. तिचा नोकरीला उपयोग आहे हे खरे, पण प्रश्न तो नव्हता.

ब्रह्मी भाषेचे आकर्षण आम्ही समजू शकतो. बाबासाहेब १९५४ साली रंगूनला गेले होते. कसारा घाट चढल्यावर लागणाऱ्या इगतपुरीहून जो देवनागरी तिपिटक प्रसिद्ध झाला, तो ब्रह्मदेशातील सहाव्या संगायनाच्या पाठावर आधारलेला आहे. मात्र त्या भाषेचे कूळ निराळे असून तीत स्वराच्या चढउतारावर अर्थ बदलतो. आपले 'सच्च' तेथे 'थिस्सा' असे ऐकू येते. कान तयार होईपर्यंत ओळखीची माणसेही अनोळखी वाटतात.

आमचे मत सिंहलीच्या बाजूने आहे. महावंसात सिंहलद्वीपाकडे निघालेला विजय आधी सुप्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास, उतरल्याचे सांगितले आहे. ती कथा कथा म्हणूनच घ्यावी. भाषेचे नाते मात्र खरे आहे. सिंहली ही मराठीप्रमाणेच प्राचीन भारतीय आर्य भाषांतून निघालेली आहे. पालि 'भत्त' आपल्याकडे 'भात' झाला, तेथे 'बत्' झाला. 'खीर' तेथे 'किरि' झाली व तिचा अर्थ दूध असाच राहिला. 'हत्थ' आपला 'हात', तेथे 'अत'; 'दन्त' आपला 'दात', तेथे 'दत'. मिठाला ते 'लुणु' म्हणतात. आपल्या लोणच्यातील 'लोण' तेच. महाप्राण वर्ण तेथे गळून पडले, एवढा एक नियम ध्यानी धरला तरी कितीतरी शब्द आपोआप उकलतात. "मम बत् कनवा" म्हणजे "मी भात खातो". शब्दांचा क्रम तंतोतंत आपला! येथे पालिच्या विद्यार्थ्याने मात्र सावध राहावे. पालित 'मम' म्हणजे 'माझे', सिंहलीत 'मी'. बोलीत हे क्रियापद 'आम्ही'साठी किंवा 'तो'साठीही बदलत नाही, हे पालिची रूपे पाठ करून थकलेल्यांना सुखाचे वाटेल.

अडचणी नाहीत असे नव्हे. पाण्याला 'वतुर' म्हणतात. तेथे भात-खिरीचा हिशेब चालत नाही. ग्रंथांची सिंहली आणि बोलण्याची सिंहली यांत मोठे अंतर आहे. आधी बोली धरावी. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी सिंहलमध्ये केवळ सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला व तमिळ भाषकांच्या वाट्याला अन्याय आला. भाषेवरील प्रेम आणि भाषेचा गर्व यांतील भेद आम्हां लोकांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. सिंहली शिकणाऱ्याने हा इतिहासही वाचावा.

आरंभ कसा करावा? लिपीपासून. सिंहली अक्षरे वाटोळी आहेत. ताडपत्रावर लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून ती तशी वळली असे मानतात. धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपास गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पालि शिकले. तेथे पालि ग्रंथ सिंहली अक्षरांतच होते. आपण तीच वाट उलट दिशेने चालावी. सिंहली लिपीत छापलेली वंदनेची पुस्तिका मिळवावी. त्रिसरण व पंचशील आपणांस मुखोद्गत आहेत. तोंडाने म्हणत जावे आणि बोट अक्षरांवरून सरकवीत जावे. 'बुद्धं' तीनदा येते, 'सरणं' नऊ वेळा. 'गच्छामि'ही तितक्याच वेळा. पहिल्या पानाअखेरीस 'स', 'र', 'ग' ही अक्षरे ओळखू येऊ लागतात. मग वहीत आपले, आपल्या गावाचे नाव लिहून पाहावे. शहापूरच्या 'श'साठी आणि मुरबाडच्या 'ड'साठीही त्या लिपीत अक्षर आहे.