घरच्या साबणाचा हिशेब

अलीकडे हस्तकलेच्या प्रदर्शनांत, बचतगटांच्या विक्रीकेंद्रांत आणि सणासुदीला एकमेकांना देण्याच्या भेटींच्या टोपल्यांत, खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेल्या ज्या साबणाच्या वड्या विराजमान झालेल्या दिसतात, आणि ज्यांच्यावर ‘रसायनविरहित’ अशी ग्वाही ठळक अक्षरांत छापलेली असते, त्यांच्याविषयी प्रथम एवढे सांगितले पाहिजे की, ती ग्वाही खोटी आहे. दाहक क्षारावाचून साबण होत नाही. ज्याला आपण बाजारात कॉस्टिक सोडा म्हणतो, तो कारखान्यातल्या कढईत जसा पडतो तसाच घरच्या पातेल्यातही पडतो. मात्र तो हिशेबाने पडला असेल, तर तयार झालेल्या वडीत त्याचा कणही मोकळा उरत नाही. हा हिशेब ज्याला आवडला त्याला हा छंद आवडेल. ज्याला केवळ सुवास आणि रंग आवडतात, त्याने बाजारात मिळणारी साबणाची तयार लादी आणून, वितळवून, साच्यात ओतावी. त्यात उणेपणा काही नाही, परंतु त्याला साबण करणे म्हणता येत नाही.

तेलाच्या पोटात काय असते, हे ठाऊक नसतानाही माणूस शतकानुशतके साबण करीत आला. लाकडाच्या राखेचे पाणी आणि चरबी एकत्र शिजवावी, क्षार पुरेसा झाला की नाही हे जिभेच्या टोकाला विचारावे, आणि बिघडले तर नशिबाला बोल लावावा, असा तो शिरस्ता होता. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने साबणाचेच पृथक्करण करता करता असे दाखवून दिले की, तेल हे वसाम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयोगातून झालेले असते, व क्षाराने तो संयोग मोडला म्हणजे वसाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. त्याचा याविषयीचा ग्रंथ 1823 मध्ये प्रसिद्ध झाला. कारखानदार हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून घेतो, कारण त्याला स्वतंत्र बाजारभाव आहे. घरच्या वडीत ते जागच्या जागी राहते, आणि तिच्या सौम्यपणाचे बरेचसे श्रेय, वेष्टनावर ज्यांची नावे मिरवतात त्या वनस्पतींपेक्षा, या अनामिक ग्लिसरिनाकडे जाते.

आता हिशेब. प्रत्येक तेलाची क्षाराची भूक निराळी. शंभर ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18.3 ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलाला 13.6 आणि एरंडेलाला 12.8 ग्रॅम पुरतो. म्हणजे खोबरेलाच्या मापाने कोणी अर्धा किलो शेंगदाणा तेलाचा साबण करावयास बसला, तर वीस ग्रॅमांहून अधिक दाहक क्षार त्या वडीत मोकळा राहील आणि अंगाची कातडी त्याची साक्ष देईल. ‘वाटीभर तेल, चमचाभर सोडा’ अशा मापाच्या कृती कोणाच्याही हातच्या असोत, त्या बाजूला ठेवाव्यात. या कामात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा विजेरीवरचा काटा हीच खरी गुरुकिल्ली आहे. आपल्याकडे सुलभ असे एक प्रमाण सांगतो: खोबरेल 300 ग्रॅम, शेंगदाणा तेल 150, एरंडेल 50. तिघांच्या भुकेची बेरीज साधारण 81.7 ग्रॅम होते. तीतून पाच टक्के वजा करून 77.6 ग्रॅम कॉस्टिक घ्यावा, म्हणजे थोडे तेल अभुक्त राहून वडी अंगाला रखरखीत लागत नाही. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे 155 ग्रॅम. खोबरेलाने कठीणपणा आणि भरघोस फेस येतो, पण ते एकटेच असले तर त्वचा कोरडी पडते; एरंडेलाने फेस टिकतो. कोकणात टाचांच्या भेगांना लावण्यासाठी ठेवलेला कोकमाच्या तेलाचा पांढरा गोळा घरात असेल, तर त्याचाही थोडा अंश घालता येतो आणि वडी अधिक घट्ट होते. मात्र मग बेरीज पुन्हा मांडावी लागते.

कृतीत एका नियमाला अपवाद नाही: कॉस्टिक पाण्यात घालावा, पाणी कॉस्टिकवर कदापि ओतू नये, कारण तसे केल्यास द्रावण उसळून अंगावर येते. नीट घातला तरी पाणी क्षणार्धात चहाच्या आधणासारखे तापते आणि घशाला झोंबणारी वाफ निघते. म्हणून खिडकीजवळ, हातमोजे व डोळ्यांना चष्मा चढवून, मुले व मांजरे दाराबाहेर ठेवून हे काम करावे. भांडे पोलादाचे, ज्याला आपण स्टीलचे म्हणतो ते, किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, पातेले चालत नाही, कारण क्षार त्या धातूला खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडतो. कल्हईच्या भांड्याचीही तीच गत. मोऱ्या तुंबल्यावर टाकावयाच्या पुड्यांत क्षाराखेरीज इतर जिन्नस मिसळलेले असतात, त्या वापरू नयेत. क्षार अंगावर उडाला तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली ते अंग बराच वेळ धरावे, आणि डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरकडे जाण्याची तजवीज करावी.

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाली म्हणजे ती एकत्र करून घुसळावयाची. थोड्या वेळाने मिश्रण दाटते, आणि रवीवरून गळणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहते. छंदिष्टांच्या भाषेत ‘ट्रेस आला’. सुवास आणि रंग घालावयाचा तो याच वेळी. आणि येथे पुष्कळांच्या हौसेचा विरस होतो, कारण क्षाराच्या सान्निध्यात गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी पडतात, दूध करपते, आणि हळदीचा पिवळा रंग तांबूस होतो. हळदीला क्षाराचा संस्कार देऊन कुंकू करण्याची विद्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या घरांतील कोणाला याचे नवल वाटू नये. वनौषधींच्या गुणांविषयी माझे मत असे की, अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या फेसातून त्यांची कितीशी करामत अंगी उतरणार? रंगापुरत्या त्या घालाव्यात, गुणांच्या जाहिरातीपुरत्या नव्हेत.

साच्यात ओतलेला साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो, परंतु तो वापरावयास चार ते सहा आठवडे थांबावे लागते. त्या अवधीत पाणी उडून जाऊन वडी कठीण होते. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ग्लिसरीन ओलावा ओढून घेते आणि वड्यांना घाम सुटतो. तेव्हा वड्या उघड्या, वाऱ्याच्या जागी आणि एकमेकींपासून अंतरावर मांडाव्यात. वड्या पुरत्या वाळल्या तरी साबण हा क्षारधर्मीच राहतो, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चुन्याशी संयोग होऊन बादलीच्या कडेला चिकट साका बसतो; तो दोष साबण करणाऱ्याचा नसून पाण्याचा असतो.

ज्यांना कॉस्टिक हाताळावयाचाच नाही, त्यांच्यासाठी रिठा, शिकेकाई आणि उटणे यांचा मार्ग मोकळा आहे. रिठ्याचा फेस साबणाचा नसून सॅपोनिन नावाच्या वनस्पतिद्रव्याचा असतो, त्यामुळे ‘क्षाराविना’ ही ग्वाही त्याच्या बाबतीत निदान खरी ठरते. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद आणि मसुराचे पीठ यांचे घरी दळलेले उटणे हे मला तरी पुष्कळ वड्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. परदेशी टबात टाकावयाचे, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल यांचे फसफसणारे गोळे मात्र आपल्या बादली-तांब्याच्या न्हाणीघरात व्यर्थ होत.

वड्या आप्तेष्टांना वाटाव्यात. विकावयाच्या झाल्यास मात्र 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना काढावा लागतो, आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. एके काळी इंग्लंडात साबणावर आबकारी कर होता आणि तो चुकवून रात्री माल काढू नये म्हणून सरकारी अंमलदार कढयांना कुलुपे घालीत. तो कर 1853 मध्ये उठला. आपल्याकडचे बंधन करासाठी नसून ग्राहकाच्या कातडीसाठी आहे, आणि ते रास्तच आहे.

अभ्यंगस्नानाला घरचा साबण हवा असेल, तर तो अनंत चतुर्दशीपर्यंत ओतून झालेला असावा. अधिक आश्विनाचे वर्ष सोडल्यास तेथून नरक चतुर्दशीपर्यंत दीड महिना मिळतो, आणि वडी वाळण्यास तेवढा पुरतो.