सुई टोचली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, पुढे?

सलाइन काढताना वापरलेली सुई सिस्टरच्या बोटात घुसते. दुसऱ्या दिवशी तिच्या रक्ताच्या हेपॅटायटिस बी आणि सी तपासणीचा रिपोर्ट येतो, ‘निगेटिव्ह’, आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण तो रिपोर्ट फक्त सुई टोचण्याआधीची स्थिती सांगतो. पुढच्या रिपोर्टांशी ताडून पाहायला तो हवाच. निर्धास्त व्हायला मात्र नाही.

विषाणू शरीरात शिरल्यापासून तपासणीत सापडेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. हेपॅटायटिस सीची नेहमीची तपासणी विषाणू शोधतच नाही. शोधते त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. त्या दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. विषाणूचा आरएनए शोधणारी तपासणी १-२ आठवड्यांतही त्याला पकडू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसीने २०२० साली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए आणि ४ ते ६ महिन्यांनी अँटिबॉडी, असा क्रम सुचवला.

हेपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचा प्रतिजन, एचबीएसएजी, सरासरी ४ आठवड्यांनी दिसतो. पुढे आजार ओसरताना हा प्रतिजन नाहीसा होतो, पण संरक्षक अँटिबॉडी अजून उमटलेल्या नसतात. त्या मधल्या काळात ‘अँटी-एचबीसी आयजीएम’ ही वेगळी अँटिबॉडी, एवढीच खूण उरते.

बीच्या बाबतीत मात्र रिपोर्टची वाट पाहत बसणे मला धोक्याचे वाटते. आधी लस घेतली नसेल, तर ती शक्यतो २४ तासांत सुरू करायची. रुग्णाला बी असेल, तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडी) लागते. सीसाठी अशी लसच नाही.