प्रवेश होताच चालणाऱ्या आज्ञा

चेन्नई येथील सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची संगणक-प्रणाली तयार केली व २००७ साली ती लोकांच्या हाती दिली. लिनक्सच्या डेबियन शाखेवर उभारलेल्या या प्रणालीत तमिळ, मराठी इत्यादी भारतीय भाषांतून काम करण्याची सोय आहे. अशी प्रणाली बसविलेला शाळेतील एकच संगणक दिवसभरात अनेक विद्यार्थी वापरू शकतात. एकाला संगणकाचे संदेश मराठीत हवे असतात, दुसऱ्याला तमिळमध्ये, तर तिसऱ्याला गणिताची साधने हाताशी हवी असतात. त्यांनी रोज त्याच त्या आज्ञा टंकित करीत बसावे काय? नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत प्रवेश मिळताच त्या आपोआप चालाव्यात, अशी योजना लिनक्समध्ये आहे.

या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत १९६० नंतरच्या काही वर्षांत लुई पूझँ या फ्रेंच तंत्रज्ञाने 'रनकॉम' नावाची सोय केली. आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवाव्यात व संगणकाने त्या क्रमाने पार पाडाव्यात, एवढेच तिचे काम. आजही अनेक फाइलींच्या नावांअंती जी 'आरसी' ही अक्षरे दिसतात, ती या रनकॉमचीच खूण होय. पुढे १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे 'शेल' आले. शेल म्हणजे वापरकर्त्याची आज्ञा ऐकून ती संगणकाकडून करवून घेणारा दुभाषा. प्रवेशाच्या वेळी हा दुभाषा वापरकर्त्याच्या घरातील, म्हणजे त्याच्या खाजगी कप्प्यातील, 'डॉट प्रोफाइल' ही फाइल वाचू लागला. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. नवशिक्यास ती सापडत नाही, ती याच कारणाने.

आज लिनक्सवर बहुधा 'बॅश' हे शेल असते. ते प्रवेशसमयी प्रथम सर्वांसाठी असलेली सामाईक प्रोफाइल वाचते. नंतर ते वापरकर्त्याच्या घरात 'डॉट बॅश-प्रोफाइल', 'डॉट बॅश-लॉगिन' व 'डॉट प्रोफाइल' या तीन फाइली याच क्रमाने शोधते. मात्र जी प्रथम सापडेल तेवढीच वाचते. येथे पुष्कळांची फसगत होते. डेबियनमध्ये डॉट प्रोफाइल आयती मिळते. कोणी हौसेने डॉट बॅश-प्रोफाइल तयार केली, की पहिलीतील सर्व व्यवस्था निमूटपणे बंद पडते. चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

'डॉट बॅशआरसी' ही फाइल यांहून निराळी. आधीच आत आलेला वापरकर्ता आज्ञा देण्यासाठी नवी खिडकी उघडतो, तेव्हा सामान्यतः ती वाचली जाते. मग कोणती आज्ञा कोठे लिहावी? येथे वारशाचा नियम ध्यानी घ्यावा. एका कार्यक्रमाने दुसरा सुरू केला, की पहिल्याने निर्यात केलेल्या चलांची प्रत दुसऱ्यास मिळते. भाषा ठरविणारा 'लँग' हा असाच चल आहे. तो डॉट प्रोफाइलमध्ये एकदा मराठीवर ठेवला, की त्या शेलमधून निघालेल्या सर्व कार्यक्रमांना तो पोचतो. अर्थात मराठीची भाषा-माहिती त्या संगणकावर बसविलेली असली पाहिजे. परंतु लांब आज्ञेस दिलेले टोपणनाव वारशाने जात नाही. प्रत्येक शेलला ते नव्याने सांगावे लागते. म्हणून त्याची जागा बॅशआरसीत. उलट, साधने कोठे शोधावीत हे सांगणाऱ्या 'पाथ' या चलात भर घालणारी ओळ बॅशआरसीत लिहिली, तर शेलमधून शेल उघडताना तीच भर पुन्हा पुन्हा पडते.

स्वागताचा एखादा संदेश लिहिणे तर अगदी निरुपद्रवी वाटते. पण तोही घातक ठरू शकतो. दूरच्या संगणकाशी फाइलींची देवघेव चालू असताना समोर वाचणारा माणूस नसतो, तरीही तेथील बॅश पुष्कळदा बॅशआरसी वाचते. संदेशाची अक्षरे देवघेवीच्या संकेतांत मिसळतात आणि देवघेव मोडते. डेबियनच्या बॅशआरसीत, माणूस समोर नसेल तर तेथूनच परत फिरावे, अशी सूचना आरंभीच असते. स्वागत करावयाचेच असेल, तर ते त्या सूचनेच्या खाली करावे.

चित्रमय पडद्यावरून आत येणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. घरातील 'डॉट कॉन्फिग' या कप्प्यात 'ऑटोस्टार्ट' नावाचा कप्पा असतो. त्यात ठेवलेल्या छोट्या फाइलींवरून पडदा सिद्ध होताच कार्यक्रम सुरू होतात. खिडकीवाल्या कार्यक्रमांस हीच जागा योग्य, कारण प्रोफाइल वाचली जाते तेव्हा पडदा पुष्कळदा सिद्धच झालेला नसतो.

डॉट प्रोफाइलमध्ये 'एक्झिट' हा एक शब्द चुकून पडला, तर वापरकर्ता आत येतो आणि त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. दुरुस्तीसाठीही त्याला आत येता येत नाही. सामाईक प्रोफाइलमध्ये असे झाले, तर साऱ्या शाळेचे काम अडते. म्हणून बदल करण्यापूर्वी जुन्या फाइलीची प्रत काढावी, उघडलेली खिडकी तशीच राहू द्यावी, आणि दुसरीकडून नव्याने प्रवेश करून पाहावा. तो यशस्वी झाल्यावरच पहिली खिडकी मिटावी.