पत्र पौलाचे की पौलाच्या नावाचे?

एकदा संप चालू असताना आमच्या संघटनेच्या चिटणिसाच्या नावाने एक पत्रक वाटले गेले : ‘कामावर रुजू व्हा.’ ते त्याने लिहिलेले नव्हते. पण खुलासा निघेपर्यंत काही कामगार दरवाज्याच्या आत गेले होते. नावाचे सामर्थ्य असे असते. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनातही हाच प्रश्न उभा राहतो.

नव्या करारातील 27 पुस्तकांपैकी 13 पत्रे पौलाच्या नावाची आहेत. रोमकर, गलतीकर इत्यादींना लिहिलेली 7 पत्रे त्याचीच, याविषयी अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. उरलेल्या 6 पत्रांविषयी वाद आहे. त्यांपैकी तीमथ्याला लिहिलेली दोन व तीताला लिहिलेले एक, ही बहुतेक अभ्यासक पौलाच्या मृत्यूनंतरची मानतात. त्यांतील शब्द निराळे, वाक्यांची घडण निराळी, आणि मंडळीतील अधिकारपदांची व्यवस्थाही नंतरच्या काळाची दिसते. पहिल्या तीमथ्यपत्राविषयी जर्मन पंडित श्लायरमाखर याने 1807 साली ही शंका सविस्तर मांडली.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पौल सांगत असे व लेखनिक लिहीत असे. रोमकरांच्या पत्रात तर्तियुस या लेखनिकाने स्वतःच्या नावाने नमस्कारही कळविला आहे. ही लबाडी नव्हे. दिवंगत माणसाच्या नावाखाली आपले मत घालणे ही गोष्ट वेगळी. त्या काळी याचे कोणाला काही वाटत नसे, असे म्हणावे, तर थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातच आमच्या नावाच्या पत्राने गोंधळून जाऊ नका, असा इशारा आहे. गंमत अशी की, त्या पत्राच्या कर्त्याविषयीही वाद आहेच!

आता परिणाम पाहा. पहिले तीमथ्यपत्र स्त्रीला शिकविण्याची मनाई करते. उलट, दुसऱ्या शतकातील ‘पौलाची कृत्ये’ या ग्रंथात थेक्ला ही तरुणी पौलाच्या सांगण्यावरून उपदेशाला निघते. टर्टुलियन सुमारे 200 साली लिहितो की, हा ग्रंथ आशिया प्रांतातील एका वडिलाने रचला. पौलावरील प्रेमाने रचला अशी त्याने कबुली दिली आणि त्याचे पद गेले. स्त्रीला बोलू देणारा ग्रंथ बाहेर राहिला. तिला गप्प बसविणारे पत्र पवित्र शास्त्रात गेले. आजही काही मंडळ्या स्त्रियांना धर्मगुरुपद नाकारताना त्याचाच आधार देतात.

नाव खोटे ठरले म्हणून त्या पत्रातला सारा उपदेश टाकाऊ ठरतो, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या वाक्याने अर्ध्या मंडळीचे तोंड बंद होते, त्याखालची सही कोणाची, हे विचारण्याचा हक्क त्या अर्ध्या मंडळीला आहे.